इंदूरच्या अंगणात आंबा लावताना

दहा-बारा फुटांची जागा असेल तर लंगडा, दशहरीच्या नादी लागू नका. दोन्ही झाडं पसरतात. आम्रपाली घ्या. दशहरी आणि नीलमच्या संकरातून दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेत तयार झालेली ही जात ठेंगणी राहते आणि दरवर्षी धरते. मल्लिकाही चवीला उत्तम, पण झाड मोठं होतं.

रोग न येणारी जात म्हणून कुणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. आम्रपालीतही मोहराची विकृती येते: मोहर कोबीच्या गड्ड्यासारखा गच्च होतो आणि फळ धरत नाही. तो दिसताच वीतभर खालून फांदी कापून जाळा. भुरी या पांढऱ्या बुरशीच्या रोगासाठी मोहर फुटताना पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम. फुलं पूर्ण उमलल्यावर फवारणी टाळा, परागीकरण करणारे कीटक दूर राहतात. आम्रपाली उशिरा, पावसात पिकते, म्हणून फळमाशीचा सापळा आधीच टांगा.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. म्हणून दीड फूट उंच ओटा करून त्यावर लावा. कलमाचा सांधा मातीच्या वर हवा. सांध्याखालून फुटलेला प्रत्येक कोंब मोडा, तो खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचा असतो. शेंडा अडीच फुटांवर खुडा. पहिली दोन-तीन वर्षं मोहर काढून टाका, जीवावर आलं तरी. ऑक्टोबरपासून पाणी तोडा, फळ वाटाण्याएवढं झालं की पुन्हा सुरू. छाटणी तोडणीनंतर लगेच. हिवाळ्यात कात्री चालवली तर मोहरच जातो.