वेबसाइटचं विचारा : ११२ चुका, पण खऱ्या किती?

प्रश्न : आमचं सांगलीत हळद-मसाल्याचं दुकान आहे, साइट भाच्याने बनवून दिली होती. परवा एक डिझायनर आला, त्याने कोड तपासणाऱ्या कुठल्याशा व्हॅलिडेटरमध्ये साइट टाकून ११२ एरर दाखवले आणि म्हणाला सगळी नव्याने करावी लागेल. साइट तर नीट चालतेय. काय करू?

उत्तर : आधी पाकीट खिशात ठेवा. तो व्हॅलिडेटर डब्ल्यूथ्रीसीचा, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा असणार, फुकट आहे, तुम्हीही पत्ता टाकून बघू शकता. त्यातला आकडा फुगलेला असतो. मी तुमची साइट उघडून बघितली तर प्रत्येक मसाल्याच्या कार्डात पी टॅगच्या पोटात डिव्ह घातलाय. टॅग म्हणजे कोडातली खूण. डिव्ह म्हणजे नुसता डबा आणि पी म्हणजे परिच्छेद, त्यात डिव्ह चालत नाही, म्हणून डिव्ह दिसला की ब्राउझर गुपचूप आधीचा पी बंद करून टाकतो, मग खाली भाच्याने लिहिलेला बंद करायचा पी येतो तेव्हा त्याला जोडीदारच उरलेला नसतो आणि व्हॅलिडेटर बोंब मारतो. चूक एक, पण कार्डं ४८, म्हणून एरर ४८. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे कार्डाच्या साच्यात, एकदा पी काढून डिव्ह करा आणि परत तपासा. नेहमी वरून पहिली चूक सुधारायची आणि पुन्हा चालवायचं, खालच्या बऱ्याचशा आपोआप जातात.

बीआर या ओळ तोडणाऱ्या टॅगच्या शेवटी तिरकी रेघ आहे, स्क्रिप्टला टाइप लिहिलाय, असल्या सूचना सोडून द्या. गूगलमध्ये मागे पडाल ही भीतीही नको, एचटीएमएल, म्हणजे पानाचा कोड, व्हॅलिड नाही एवढ्यावरून गूगल कुणाला खाली ढकलत नाही.

दोन गोष्टी मात्र खरंच नडतायत. ऑर्डरचा फॉर्म पॉपअपमध्ये आहे आणि तोच कॉपी करून पानाच्या तळाशी टाकलाय, दोन्हीकडे फोनच्या रकान्याचा आयडी, म्हणजे कोडातलं ओळखनाव, एकच. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानातला प्रोग्राम, आयडीने शोधायला गेलं की पहिलाच रकाना हाती लागतो, म्हणजे तळाच्या फॉर्ममध्ये गिऱ्हाईक नंबर भरतं आणि तुमच्याकडे रिकामा येतो. ‘नंबर न देता ऑर्डर टाकतात लोक’ असं तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय ना, लोकांची चूक नाहीये ती. दुसरं म्हणजे फोटोंना ऑल्ट, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, नाही. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन अशा ठिकाणी बऱ्याचदा फाइलचं नाव वाचून दाखवतो, हळदीच्या जागी आयएमजी शून्य शून्य चार. नुसत्या शोभेच्या चित्राला ऑल्ट रिकामा ठेवला तरी चालतो, पण लिहायचा. भाच्याचं एका दुपारचं काम आहे, त्याला जेवायला बोलवा.

प्रश्न : कोकणात आमचा होमस्टे आहे. फोटोचा कोड मैत्रिणीने वर्डच्या फाइलमधून पाठवला, तो टाकला तर व्हॅलिडेटर म्हणतो इमेज टॅगला ‘अंगण’ नावाचा ॲट्रिब्यूट (टॅगमधला गुणधर्म) चालत नाही. असा ॲट्रिब्यूट मी लिहिलेलाच नाही!

उत्तर : हे वाचून मी मोठ्याने हसलो, माफ करा. ऑल्टमध्ये ‘समोरचं अंगण’ लिहिलंय ना? वर्ड काय करतं, सरळ अवतरण चिन्हांची वाकडी, गोल चिन्हं करतं. छापील मजकुरात ती छान दिसतात, पण ब्राउझरच्या लेखी ती अवतरण चिन्हंच नाहीत, साधी अक्षरं आहेत. म्हणून ऑल्ट ‘समोरचं’पाशी स्पेस आली तिथे संपला आणि ‘अंगण’ हा नवा ॲट्रिब्यूट झाला. बुकिंगची लिंक उघडत नाही म्हणता तेही यामुळेच, वाकडं चिन्ह पत्त्याचाच भाग झालंय. कोड नोटपॅडमध्ये घ्या, चिन्हं हाताने परत टाइप करा. काही फोनचे कीबोर्डही हाच उद्योग करतात.

प्रश्न : आमच्या कवितांच्या साइटवर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. फॉन्ट बदलून थकलो. व्हॅलिडेटर भाषेबद्दल काहीतरी वॉर्निंग देतो, त्याचा संबंध आहे का?

उत्तर : आहे! तुमच्या थीममध्ये सगळ्यात वरच्या एचटीएमएल टॅगला भाषा इंग्रजी लिहिलीय आणि खाली मजकूर मराठी. कित्येक देवनागरी फॉन्टांमध्ये ल-श ची दोन्ही वळणं असतात, भाषा मराठी सांगितली तरच आपलं वळण बाहेर येतं, नाहीतर हिंदीचं. फॉन्टात ती सोयच नसेल तर इलाज नाही, पण आधी भाषेचा कोड एमआर करून बघा. साइट वर्डप्रेसवर बनवलेली असेल तर सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी निवडा. डॅशबोर्ड मराठीत नको असेल तर तुमच्या प्रोफाइलमध्ये तेवढा इंग्रजी ठेवता येतो.

प्रश्न : होस्टिंगवाल्यांनी पीएचपी (साइट चालवणारी भाषा) अपडेट केल्यापासून टेबलातल्या अक्षरांचा साइझ आणि रंग बिघडलाय. सीएसएसला (दिसणं ठरवणाऱ्या कोडला) हातही लावलेला नाही.

उत्तर : पानाचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडा, डॉकटाइपच्या (पानाचा प्रकार सांगणाऱ्या पहिल्या ओळीच्या) वर पीएचपीची एखादी वॉर्निंग छापली जात असेल. डॉकटाइपच्या आधी मजकूर आला की ब्राउझर जुनाट पानांसाठीच्या क्वर्क्स मोडमध्ये जातो आणि तिथे टेबल बाहेरच्या डब्याचा फॉन्ट साइझ आणि रंग घेतच नाही. ती वॉर्निंग ज्या ओळीमुळे येते ती ओळ दुरुस्त करा, टेबलाला हात लावू नका.