शाळेच्या लायब्ररीत नव्याने रुजू होताना
ऑकलंडच्या शाळेत लायब्ररी सांभाळणार आहेस, ऐकून फार आनंद झाला. लगेच पुस्तकं विकत घ्यायला धावू नकोस. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची शाळांसाठीची सेवा १९४२पासूनची आहे. तिथून शाळेला पुस्तकं उसनी मिळतात. मागणी मात्र नेमकी लिही: मुलांचं वय, वाचनाची पातळी, वर्गात चाललेला विषय, माओरी भाषेतली किती हवीत. मी सुरुवातीला नुसतं ‘प्राणी’ लिहिलं आणि ७ वर्षांच्या मुलांपुढे जाडजूड पुस्तकं ठेवावी लागली. त्यांचे पडलेले चेहरे अजून आठवतात.

ग्रंथालयाचा अभ्यासक्रम ओपन पॉलिटेक्निक या न्यूझीलंडमधल्या दूरशिक्षण संस्थेतून घरबसल्या होतो, तो जरूर कर. पण मधल्या सुट्टीत कपाटाजवळच थांब. मुलांनी कुठलं पुस्तक उघडून लगेच परत ठेवलं, ते वहीत टिप. पुढची मागणी त्या वहीवरून लिही.