सिल्व्हर शॅडो घ्यावी, पण कर्ज काढून नाही

प्रश्न: मी बर्मिंगहॅमला राहतो. 1974 सालची रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो 14,000 पौंडांना मिळतेय. हाताशी 9,000 आहेत, बाकीचं कर्ज काढीन. मुलगी दोन वर्षांत विद्यापीठात जाईल. जुन्या गाड्यांचे भाव चढतात, मग ही गुंतवणूकच नाही का?

उत्तर: नाही, हा खर्च आहे. हौसेचा, पण खर्चच.

गाडी मात्र हौस करावी अशीच आहे. 1965 साली शॅडो आली तेव्हा रोल्स-रॉइसने वेगळी चॅसी सोडून बॉडीलाच सांगाडा केलं, चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले. माणसं-सामान कितीही भरा, गाडीची पातळी राखणारी हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारी यंत्रणा सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीच्या परवान्याने घेतली. पैसा खाते ती हीच यंत्रणा. इंजिनावर चालणारे पंप दाब तयार करतात, नायट्रोजन भरलेले गोळे तो साठवतात, आणि ब्रेकही त्याच दाबावर लागतात. बघायला जाल तेव्हा इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा, किल्ली चालूच ठेवा आणि ब्रेक दाबत राहा. पाच-सहा वेळा दाबताच धोक्याचा दिवा लागला, तर गोळे संपलेत. मग दाराखालच्या पट्ट्या आणि चाकांच्या कमानी बघा. बॉडीच सांगाडा असल्याने तिथला गंज रंगाने झाकून भागत नाही, पत्रा कापून वेल्डिंग करावं लागतं.

भावाचं म्हणाल, तर तोवर रोल्स-रॉइसने एवढ्या संख्येने दुसरं मॉडेल बनवलं नव्हतं, त्यामुळे दुर्मिळतेचा भाव हिला नाही. स्वस्त शॅडो बहुधा दुरुस्ती टाळलेली असते.

ब्रिटनमध्ये खासगी मोटारीच्या नफ्यावर भांडवली कर नाही, हे खरं. पण तोटा झाला तर वजावटही नाही. चाळीस वर्षांपुढच्या गाडीला रस्ता-कर माफ आहे आणि एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर सुरक्षित आहे का हे बघणारी वार्षिक तपासणीही सहसा सक्तीची नाही. तरी ती दरवर्षी करून घ्याच, ब्रेकचा प्रश्न आहे.

तुमच्या आकड्यांत मला खरी काळजी मुलीची वाटते. घरच्या उत्पन्नावर तिचं राहणीखर्चाचं कर्ज ठरेल. कमी पडेल ते तुम्हालाच भरावं लागेल. तेव्हा गाडीचा हप्ता आणि हायड्रॉलिक दुरुस्तीचं बिल एकत्र आलं, तर आधी गाडी विकाल, तीही पडत्या भावात.

म्हणून हा सौदा सोडा. 9,000 ला हात लावू नका. कर्जाचा जो हप्ता भरणार होतात, तोच दरमहा बाजूला टाका. मुलीचं मार्गी लागलं की रोखीने घ्या, किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम दुरुस्तीसाठी राखून. आणि हायड्रॉलिक कामाच्या पावत्या असलेली गाडी दोन-तीन हजारांनी महाग असली तरी तीच घ्या.