अंगणातल्या दिव्यावर आलेला बारीक पतंग कोणालाच ओळखता आला नाही. ती नवी प्रजाती समजावी का?

आपल्या छायाचित्रातला पतंग संकेतस्थळावरच्या जाणकारांना ओळखता आला नाही, म्हणून तो नवा असावा आणि त्याला आजीचे नाव देता यावे, असे आपण विचारले आहे. जेमतेम आठ-दहा मिलिमीटरच्या तपकिरी पतंगाची प्रजाती छायाचित्रावरून ठरावी, ही अपेक्षाच मला मान्य नाही. नेमक्या याच मुद्द्यावरून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी झालेला माझा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात शिकवत असताना आम्ही पावसाळ्याच्या तोंडाला रात्री पांढरा पडदा आणि दिवा लावून पतंग गोळा करत असू. एकदा गेलेकिइडी या बारीक पतंगांच्या कुळातला एक देखणा पतंग आला. ओष्ठस्पर्शक, म्हणजे तोंडाजवळची स्पर्शांगे, विळ्यासारखे वर वळलेले आणि पुढच्या पंखावर पिवळसर पट्टा. सहकाऱ्यांनी हॅम्पसन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाचे ब्रिटिश भारताच्या पतंगांवरचे खंड चाळले, त्यांत तो सापडला नाही, आणि थोड्याच दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रात नव्या प्रजातीची बातमी झळकली. हॅम्पसनचे ते चार खंड 1892 ते 1896 या काळातले असून त्यांची मजल पायरॅलिड या दुसऱ्या गटातल्या पतंगांपर्यंतच जाते; गेलेकिइडी कुळ त्यांत घेतलेलेच नाही. म्हणजे जो पतंग त्या ग्रंथात असण्याची शक्यताच नव्हती, तो तिथे नाही एवढ्यावरून नवा ठरला होता.

मी एका नराचे उदर तपासायला मागितले, तेव्हा विद्यार्थ्यांसमोर मला विचारण्यात आले, की एवढ्याशा किड्याचे पोट फाडून तुम्हाला काय मिळणार आहे? उत्तर त्या पोटातच होते, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या प्रजाती जननेंद्रियांच्या रचनेवरून वेगळ्या ओळखता येतात. उदर 10 टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करून, खवले आणि चरबी बारीक ब्रशने काढून, जननेंद्रिये वेगळी केली आणि कॅनडा बाल्सममध्ये त्यांची स्लाइड केली. व्हाल्व्हा या पकडीसारख्या जोडभागाचा आकार, अंकस या आकड्यासारख्या भागाचे टोक, एडीगस म्हणजे शिश्नाची जाडी आणि आतले काटे यांची रेखाटने घेऊन मी क्लार्क या अमेरिकी पतंगतज्ज्ञाच्या ग्रंथमालेतले चित्रांचे तक्ते एकेक करून पाहत बसलो. एडवर्ड मेरिक या इंग्रज शाळामास्तराने जगभरच्या सुमारे 14,000 सूक्ष्म पतंगांना नावे दिली, आणि भारतातूनही त्याच्याकडे सतत नमुने जात. पण तो हातातल्या भिंगावर भागवी आणि जननेंद्रिये पाहत नसे. लंडनच्या संग्रहालयातल्या त्याच्या मूळ नमुन्यांची, म्हणजे ज्यांवरून त्याने नावे दिली त्या पतंगांची, जननेंद्रिये पुढे याच गेट्स क्लार्कने 1955 ते 1970 दरम्यान आठ खंडांत छापली, म्हणून आज आपल्याला तुलना करता येते. आमचा पतंग त्यांतल्या कूर्गहून आलेल्या एका नमुन्याशी तंतोतंत जुळला. म्हणजे त्याला नाव मिळून कैक दशके उलटली होती.

यावर सहकारी म्हणाले, मग निदान उपप्रजाती तरी करू. मी त्या मसुद्यावर सही केली नाही. कूर्गमधला पतंग कोकणातही आहे आणि त्याचा नर आतून असा दिसतो, एवढे नीट छापले असते तर ते काम एका अनावश्यक नावापेक्षा कितीतरी मोलाचे ठरले असते, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

हा निव्वळ कर्मठपणा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी टोमॅटोवरची नागअळी आठवावी. तिचा पतंग याच कुळातला. मेरिकने 1917 मध्ये पेरूमधल्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले, आणि 2014 मध्ये तो महाराष्ट्रात टोमॅटोच्या शेतांत आढळला. बटाट्यावरचा पाकोळी पतंगही त्याच्यासारखाच करडा-तपकिरी असतो आणि टोमॅटोवरही येतो. मादीच्या गंधाने नरांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात चिकटून पंख खराब झालेल्या पतंगांची खात्रीची ओळख जननेंद्रियांवरून किंवा डीएनएवरून करावी लागते.

आता आपल्या पतंगाविषयी. छायाचित्र नव्हे, नमुना हवा. शक्यतो नर आणि मादी दोन्ही, आणि ठिकाण, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक टाचणीला हवी. पानातली अळी वाढवून पतंग मिळवता आला तर सर्वांत उत्तम, कारण खाद्यवनस्पतीही कळते. मात्र पुष्कळदा पतंगाऐवजी परजीवी गांधीलमाशीच बाहेर येते. मग त्या वंशातल्या नाव मिळालेल्या सर्व प्रजातींशी तुलना करावी. 658 अक्षरांचा डीएनए बारकोड, म्हणजे प्रजाती ओळखण्यासाठी वाचला जाणारा डीएनएचा ठरावीक तुकडा, नर-मादीची जोडी लावायला उपयोगी पडतो, पण जुन्या मूळ नमुन्यांचे बारकोड बहुधा उपलब्ध नसल्यामुळे तो कशाशीच जुळला नाही तरी नवेपणा सिद्ध होत नाही. तुलनेतून पतंग खरोखर वेगळा निघाला, तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत आधार-नमुना, म्हणून नेमून तो कोठे ठेवला हे वर्णनात सांगावे लागते, आणि जैवविविधता कायदा, 2002 नुसार नव्या प्रजातीची माहिती व नमुने भारतीय प्राणी सर्वेक्षणासारख्या नियुक्त संस्थेकडे द्यावे लागतात.

हे सगळे मोठ्या, ठळक खुणांच्या पतंगांना लागू नाही. त्यांतले अनेक छायाचित्रावरून निःसंशय ओळखता येतात. संरक्षित जंगलात परवानगीशिवाय नमुने घेऊ नयेत, हेही सांगायला हवे. आजीचे नाव द्यायला नियमांची आडकाठी नाही. 2017 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गेलेकिइड पतंगाला डोनाल्ड ट्रम्प यांचे नाव दिले गेले, आणि बातम्या डोक्यावरच्या पिवळ्या खवल्यांच्या झाल्या तरी शोधनिबंधात जननेंद्रियांची तुलना आणि बारकोड दोन्ही होते. नमुना तपासला जाईपर्यंत आपल्या छायाचित्राखाली कुळापर्यंतचीच ओळख लिहावी, आणि वर्तमानपत्राला कळवू नये.