मैदान मोठं हवं की आपलं?

वाचकांचे प्रश्न : खेळ आणि पैसा

प्रश्न : मी २०१६ पासून मुंबई सिटी एफसीचे सामने बघतोय. दोन कोटींच्या शहराचा संघ, आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) चषक दोनदा जिंकलेला आणि घरचं मैदान जेमतेम सात-आठ हजारांचं! केरला ब्लास्टर्स किंवा मोहन बागान आले की तिकिटांची मारामार होते, मुलाला कबूल करूनही नेता येत नाही. तिकडे मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड चौऱ्याहत्तर हजारांचं, तरी ते आता एक लाखाचं बांधायचं म्हणताहेत. आपल्या क्लबला निदान तीस-चाळीस हजारांचं स्टेडियम नको का? तुम्ही बँकेत होतात, तर पैशाच्या बाजूनेही सांगा.
– एक वाचक, अंधेरी (पश्चिम)

उत्तर : मुलाला सामन्याला नेतो म्हणून कबूल करायचं आणि तिकीट मिळू नये, याचा त्रास मला कळतो. तरीही माझं उत्तर ‘आज नको’ असंच आहे. संघावर माझा तुमच्याइतकाच जीव आहे, म्हणूनच नको म्हणते.

माझी सगळी नोकरी सहकारी बँकेच्या कर्जविभागात गेली. एकदा एका मंगल कार्यालयाचे मालक हॉल दुप्पट करायला कर्ज मागायला आले. म्हणाले, “मॅडम, वैशाखात रोज दोन पार्ट्या परत पाठवतो.” मी त्यांची वर्षभराची बुकिंगची वही मागवली. चातुर्मासात पानंच्या पानं कोरी, पौष कोरा. हॉल रिकामा असला तरी हप्ता काही थांबत नाही. शेवटी आम्ही कर्ज मंजूर केलं ते नवं स्वयंपाकघर आणि गाड्या लावायच्या जागेसाठी.

मुंबई सिटीची वही अशीच उघडून बघा. २०२४-२५ च्या हंगामात आयएसएलमध्ये तेरा संघ होते. प्रत्येकाचे चोवीस सामने, त्यातले बारा घरी. म्हणजे वर्षाला बारा संध्याकाळी, प्लेऑफ (शेवटचे बाद फेरीचे सामने) धरले तर आणखी एखादी. या बारांत तुमच्या त्या मारामारीच्या किती? केरला ब्लास्टर्सची, कारण मुंबईतला मल्याळी माणूस पिवळा टी-शर्ट घालून घरच्यांना घेऊन येतो. मोहन बागानची, ईस्ट बंगालची. कधी बेंगळुरू, कधी गोवा. उरलेल्या सामन्यांपैकी एखाद्या आठवड्यातल्या मधल्या वारी साडेसातला मैदानात जाऊन बसा. आझादनगरला मेट्रोतून उतरून वीरा देसाई रोडने निघालात, तर बाजूने चालणारी माणसं ऑफिसातून घरी निघालेली असतात, मैदानाकडे वळणारी थोडी. वेस्ट कोस्ट ब्रिगेड या चाहत्यांच्या गटाची पोरं नव्वद मिनिटं घसा फोडून गात असतात, ती कधी कमी पडलेली मी बघितली नाहीत. पण त्यांचा ढोल दोन क्षण थांबला, की गोलकीपर बचावपटूंना काय ओरडतोय ते बाकांवर स्पष्ट ऐकू येतं. तिथे आणखी तीस हजार खुर्च्या मांडून काय होणार?

गर्दी कशाने होते, याचा पुरावा याच मैदानाने दिलाय. जून २०१८ मध्ये इंटरकॉन्टिनेंटल कपसाठी भारताचा संघ अंधेरीत खेळला. १ जूनला चिनी तैपेईविरुद्ध आपण ५-० असे जिंकलो, कर्णधार सुनील छेत्रीने हॅटट्रिक (एकट्याने तीन गोल) केली आणि बघायला माणसं होती अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी छेत्रीने मोबाइलवर व्हिडिओ काढून हात जोडले : आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. पाऊस कोसळत होता आणि मैदान खचाखच भरलं होतं. मैदान तेच, खुर्च्या त्याच, मधे दिवस फक्त तीन. कुणीतरी हक्काने हाक मारली आणि लोक आले.

आणि मोठं मैदान आपण करून बघितलेलं आहे! २०१४ आणि २०१५ मध्ये मुंबई सिटी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळायची, पन्नास हजारांहून मोठ्या. पहिल्या वर्षी निकोला अनेल्का, फ्रेडी ल्युंगबर्ग अशी युरोपात गाजलेली नावं होती, आंद्रे मोरित्झने पुण्याविरुद्ध लीगची पहिली हॅटट्रिक केली, सामना ५-० असा जिंकला. मैदान देखणंच आहे, पण क्रिकेटचं. गोल आकार असल्यामुळे टचलाइन (मैदानाची बाजूची रेषा) आणि पहिली रांग यांच्यात केवढं तरी गवत मोकळं सुटतं. अंधेरी-गोरेगावच्या माणसाला हार्बर लाइनने वडाळा गाठून पनवेल गाडी धरायची, रात्री पुन्हा तसंच परत. २०१६ ला संघ अंधेरीत आला आणि खेळाडूच्या बुटाचा चेंडूवर बसलेला आवाज प्रेक्षकाला ऐकू यायला लागला. तुम्ही २०१६ पासून बघताय म्हणता. त्याच वर्षी सुरुवात झाली, याचं कारण मैदान तुमच्या घराजवळ आलं हेच असावं.

आता परदेशाचं. मँचेस्टर युनायटेडचं उदाहरण आपल्या उपयोगाचं नाही; त्यांच्याकडे चौऱ्याहत्तर हजार जागा आधीच भरतात. लंडनच्या आर्सेनलचंही तेच. त्यांच्या जुन्या हायबरी मैदानात अडतीस हजार मावायचे आणि बाहेर हंगामी तिकिटासाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. म्हणून २००६ मध्ये ते साठ हजारांच्या एमिरेट्समध्ये गेले. एवढी हक्काची गिऱ्हाइकं असूनही कर्जाचं ओझं जाणवलंच. फाब्रेगास गेला, व्हॅन पर्सी गेला, असे मोठे खेळाडू हातचे गेले; २००५ नंतर पुढची ट्रॉफी थेट २०१४ ला.

मला जास्त आठवतो तो इंग्लंडच्या ईशान्येकडचा डार्लिंग्टन. लाखभर वस्तीचं गाव, १८८३ चा क्लब, फीदम्स नावाचं गावातलं जुनं मैदान, सामन्याला येणारी माणसं काही हजार. मालक जॉर्ज रेनॉल्ड्स स्वयंपाकाच्या ओट्यांच्या धंद्यात श्रीमंत झालेले. त्यांनी ठरवलं की संघाला वरच्या लीगमध्ये न्यायचं आणि त्यासाठी आधी स्टेडियम बांधायचं. २००३ मध्ये गावाबाहेर पंचवीस हजार खुर्च्यांचं नवंकोरं मैदान उघडलं. पहिल्या सामन्याला अकरा हजारांवर लोक आले. पुन्हा तेवढी गर्दी तिथे कधी झाली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेला. पुढेही तेच दुखणं उलटत राहिलं आणि २०१२ मध्ये चाहत्यांना नव्या नावाने, चार पायऱ्या खालच्या लीगमधून क्लब पुन्हा उभा करावा लागला. ते मैदान आता रग्बीवाल्यांकडे आहे. कर्जाच्या कागदांत मी हे वेगवेगळ्या धंद्यांत बघितलंय : गिऱ्हाईक यायच्या आधी इमारत उभी राहिली की इमारतच धंदा खाते. फीदम्सवर पिढ्यान् पिढ्या उभ्या राहिलेल्या माणसांचं काय झालं असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटतं.

याच्या नेमकं उलट युव्हेंटसने केलं. तुरीनचं देल्ले आल्पी हे १९९० च्या वर्ल्डकपसाठी बांधलेलं, सत्तर हजारांच्या घरातलं. मधे धावण्याचा ट्रॅक, प्रेक्षक लांब. इटलीतला सगळ्यात लोकप्रिय क्लब तिथे खेळायचा आणि खुर्च्या ओस पडलेल्या दिसायच्या. त्यांनी ते पाडलं आणि त्याच जागी २०११ मध्ये बांधलं एकेचाळीस हजारांचं. मुद्दाम लहान, ट्रॅक नाही, पहिली रांग मैदानाला लागून. आणि मुख्य म्हणजे क्लबच्या स्वतःच्या मालकीचं. त्या हंगामापासून सलग नऊ वर्षं ते इटलीचे विजेते होते. सगळं श्रेय स्टेडियमचं नाही, खेळाडू आणि प्रशिक्षकांचं आहेच. पण भरलेल्या घरात खेळणं आणि त्या घराची किल्ली आपल्या खिशात असणं, याची किंमत मोठी.

मुंबई सिटीची अडचण इथेच आहे. अंधेरीचं शहाजी राजे भोसले क्रीडासंकुल महापालिकेचं. क्लब तिथे पाहुणा. वर्षभर सराव तिथेच करावा, संघाचं दुकान लावावं, भिंतीवर जुन्या सामन्यांचे फोटो लावावेत, शाळेतल्या मुलांना आत आणून गवत दाखवावं, यातलं काही आपल्या मर्जीने होत नाही. २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचे सामने आले तेव्हा अंधेरीचं मैदान त्यांच्या निकषांत बसलं नाही आणि मुंबईच्या संघाला ‘घरचे’ सामने पुण्यात बालेवाडीला आणि नवी मुंबईत खेळावे लागले. सौदीच्या अल हिलालसारखा संघ महाराष्ट्रात आला आणि अंधेरीतल्या पोराला तो आपल्या गल्लीजवळ बघता आला नाही! (त्यांचा ब्राझिलियन तारा नेमार आधीच जखमी झाला होता, तो आलाच नाही, हे वेगळं दुःख.) असले निकष खुर्च्या वाढवून पुरे होत नाहीत. दिवे, ड्रेसिंग रूम, पत्रकारांची जागा, उत्तेजक चाचणीची खोली अशी ती मोठी यादी असते. पैसे घालायचेच, तर आधी तिथे घालावेत.

माझं आणखी एक मागणं आहे, आणि ते मी बाई म्हणून करते. देशभरातल्या मैदानांवर बायकांची स्वच्छतागृहं ही मागाहून सुचलेली गोष्ट असते. कमी संख्या, पाणी नाही, कडी नाही. सामन्याला जायचं म्हणून दुपारपासून पाणी न पिणाऱ्या मुली मला माहीत आहेत. ज्या घरातली आई मैदानावर रमते, त्या घरातून एकाच्या जागी चार तिकिटं जातात. हिशेबाच्या भाषेतही हाच सगळ्यात स्वस्त विस्तार आहे.

आणि हप्ते फेडणार कोण, हे विचारल्याशिवाय कर्जाची फाइल पुढे सरकत नाही. जुलै २०२५ मध्ये व्यावसायिक कराराच्या पेचात आयएसएलचा पुढचा हंगामच थांबवावा लागला. २०१९ पासून मुंबई सिटीत मोठा वाटा असलेला सिटी फुटबॉल ग्रुप त्या वर्षाअखेरीस बाहेर पडला. मँचेस्टर सिटी चालवणारी माणसं जिथून निघून गेली, तिथे तीस वर्षांच्या हप्त्यांचं स्टेडियम कुणाच्या भरवशावर बांधायचं?

तुम्ही म्हणाल, दोन चषक जिंकूनही लोक का येत नाहीत? मला वाटतं, त्यात नशिबाचाही भाग आहे. पहिला चषक मार्च २०२१ चा. करोनामुळे सगळी स्पर्धा गोव्यात, फातोर्ड्याला अंतिम सामना, ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल आणि स्टेडियममध्ये प्रेक्षकच नाहीत. दुसरा मे २०२४ मध्ये, कोलकात्यात, मोहन बागानच्या गर्दीसमोर. अंधेरीच्या प्रेक्षकाने आपल्या संघाला आपल्या मैदानावर हा चषक उचलताना अजून बघितलेलंच नाही. अशी एक रात्र मिळाली तर घराघरात चाहते तयार होतील, यावर माझा विश्वास आहे.

मी होकार कधी देईन? साध्या सामन्याला, म्हणजे तळातल्या संघाविरुद्ध, बुधवारी, सलग दोन हंगाम मैदान भरलं आणि हंगामी तिकिटासाठी यादी लागली, तर. शिवाय जागा दीर्घ भाडेपट्ट्यावर क्लबच्या नावावर हवी. तेव्हाही पंधरा-वीस हजारांच्या पुढे जाऊ नये. गोव्याचं फातोर्डा साधारण तेवढंच आहे, आणि गोव्याइतकं फुटबॉलवेड आपल्याकडे मुरायला वेळ आहे. तोवर ब्लास्टर्सच्या सामन्याला हंगामी तिकीटवाल्यांना पहिला हक्क द्यावा, म्हणजे तुमच्यासारखा माणूस बाहेर राहणार नाही. तुम्ही आणि मुलगा हंगामी तिकीट काढा. क्लबला खरी गरज त्या पैशांची आहे.

प्रश्न : तुम्ही कोल्हापूरच्या. आमचं शाहू स्टेडियम तर साध्या लीगलाही भरतं. मग इथे मोठं मैदान हवं, हे तरी मान्य कराल?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : शाहू स्टेडियमवर माझं बालपण गेलं. वडिलांचा हात धरून पायऱ्यांवर बसायचं, खाली पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ, आणि घरी गेल्यावर आईने आधी स्कोअर विचारायचा. इथे माणूस क्लब निवडत नाही, तालमीत जन्माला येतो. म्हणून गर्दी होते. मुंबईला जे जमवायला पन्नास वर्षं लागतील ते आपल्याकडे आहे.

पण मोठेपणाची गरज इथेही नाही. उन्हात तापलेल्या पायऱ्यांवर छप्पर हवं, बसायला खुर्ची हवी, गटागटांच्या हुल्लडबाजीत लहान मूल सापडणार नाही अशा वेगळ्या वाटा हव्यात. अनिकेत जाधव इथून निघून २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्डकपपर्यंत पोचला. पुढच्या अनिकेतला वर्षभर खेळता येईल असं चांगलं सरावाचं मैदान हवं, कारण एकाच गवतावर सगळ्या तालमींचे सामने खेळवून ते गवत टिकत नाही.

प्रश्न : एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद पडला. मुंबई सिटीने वर्षाला दोन-तीन सामने बालेवाडीला खेळवले तर?
– एक वाचक, औंध, पुणे

उत्तर : सराव सामने, महिलांचे आणि तरुण संघांचे सामने जरूर खेळवावेत. लीगचे नकोत. अंधेरीच्या प्रेक्षकाला बारापैकी नऊच सामने मिळाले तर त्याची उरलेली सवयही मोडेल. पुण्याला पुण्याचाच संघ हवा, आणि तो आधी खालच्या लीगमधून, लहान मैदानावर सुरू व्हावा.