खुब्याचा कृत्रिम सांधा 14 वर्षांनी सैल होतो का?

होऊ शकतो. खुर्चीतून उठताना पहिल्या चार पावलांना तुमच्या आईंच्या मांडीत कळ येते, मग ती ओसरते, असं तुम्ही लिहिलंय. सैलपणात बरेचदा असंच दुखतं. धातूचा गोळा प्लास्टिकच्या वाटीत घासून डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात. शरीरातल्या पेशी ते गिळायला जातात आणि त्यात शेजारचं हाडच पोखरलं जातं. खुब्याचा आधुनिक कृत्रिम सांधा घडवणारे ब्रिटिश सर्जन जॉन चार्नली यांची टेफ्लॉनची वाटी थोड्याच वर्षांत झिजली, म्हणून 1962मध्ये ते पॉलिएथिलीन या जास्त टिकाऊ प्लास्टिककडे वळले. माझ्या आईच्या वेळी आम्ही पावसाळी सांधेदुखी समजून वर्षभर तेल चोळत बसलो. तुम्ही थांबू नका. जुना एक्स-रे शोधा, नवा काढा, दोन्ही बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हाडांच्या ओपीडीत दाखवा. सोबत ताप असेल तर आजच.