कोरोनात पर्यटनस्थळांचे नियम सारखे बदलत होते, तेव्हा तिथल्या लोकांना खरंच काय वाटत होतं?

तुम्ही लिहिलंय की जानेवारी २०२२ मध्ये पुण्याहून रेल्वेने जळगावला उतरलात, अजिंठ्यासाठी गाडी केली आणि पहूरच्या पुढे चहाला थांबलात तेव्हा कळलं, लेणी बंद. टपरीवरची माणसं हसली. लोकांना गांभीर्य नव्हतं की सरकारवर राग होता, असा तुमचा प्रश्न आहे.

ती टपरी माझी नव्हे, पण त्याच रस्त्यावर माझी खानावळ आहे. भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. अजिंठा कागदावर आमच्या जिल्ह्यात नाही, तो तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात. पण रेल्वेने येणारे कितीतरी पर्यटक जळगावला उतरतात आणि आमच्या दारावरून लेण्यांजवळच्या फर्दापूरला जातात. म्हणजे पोट लेण्यांवर आणि किल्ली दुसऱ्याकडे. तीही एकाकडे नाही. लेणी पुरातत्त्व खात्याची, ते दिल्लीचं ऐकणार. लेण्यांचा कलेक्टर वेगळा, आमचा वेगळा. हे आधी ध्यानात घ्या, मग ते हसणं कळेल.

सुरुवातीला कोणी हसत नव्हतं. मार्च २०२० मध्ये लेणी बंद झाली आणि आठवडाभरात देशच बंद झाला, तेव्हा कोणी हूं का चूं केलं नाही. गावाने स्वतःच रस्त्यावर बैलगाडी आडवी लावली. सुरतेला कामाला असलेली आमचीच पोरं परत आली, तर त्यांना शाळेत उतरवलं, आई लांबून डबा ठेवून जायची. २६ एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. खान्देशात आखाजीला लेक माहेरी आली नाही म्हणजे काय, हे पुण्यात सांगून समजायचं नाही. झोके बांधलेच नाहीत. तरी कुरकुर नव्हती, कारण नियम एक होता आणि त्याचं कारण शेंबड्या पोरालाही कळत होतं.

घोळ सुरू झाला तो उघडताना. जुलै २०२०ची गंमत ऐका. केंद्राने सांगितलं, ६ जुलैपासून पुरातत्त्व खात्याच्या वास्तू उघडता येतील. राज्याने सांगितलं, ८ जुलैपासून हॉटेलं-लॉज ३३ टक्के क्षमतेने चालवा. आणि त्याच आठवड्यात, ७ ते १३ जुलै, जळगाव शहर, भुसावळ आणि अमळनेरला कडक लॉकडाऊन. दिल्लीची बातमी वाचून लोक फोन करायचे, "लेणी उघडली ना?" मी म्हणायचो, उघडली नाहीत. ते म्हणायचे, टीव्हीवर दाखवलं. मी दारात उभा राहून लेण्यांकडे जाणारा रिकामा रस्ता बघतोय आणि हा मला टीव्ही सांगतोय! लेणी खरी उघडली ती १० डिसेंबरला. पाच महिने "उघडली" आणि "उघडणार" यांच्यात गेले.

डिसेंबरात मात्र बरं चाललं. भरिताचा हंगाम होता, बामणोदची वांगी येत होती आणि घरात कोंडलेले जळगावकर शेताशेतांत भरीत पार्ट्या करत होते. त्यात मास्क कोणाच्या तोंडावर होता म्हणाल तर खोटं बोलणार नाही. काडीकाट्यांवर वांगी भाजताना धुराने सगळे खोकत होते, त्यात कोणता खोकला कशाचा, देव जाणे.

मग मार्च २०२१. जळगाव शहरात ११ तारखेच्या रात्रीपासून १५ च्या सकाळपर्यंत जनता कर्फ्यू. त्याच महिन्यात मध्य प्रदेशाने महाराष्ट्राच्या बसेस थांबवल्या, म्हणजे रावेरच्या माणसाला शेजारचं बऱ्हाणपूर परदेश झालं. १ एप्रिलपासून गुजरातने आरटीपीसीआर मागितली. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. तिथल्या बाकड्यावर बसलेल्याने रिपोर्ट कोणत्या अंगाला दाखवायचा, हा विनोद तेव्हा प्रत्येक ग्रुपवर फिरला. पण एप्रिल-मेमध्ये विनोदही थांबले. आमच्या आळीतली दोन माणसं गेली. त्या दोन महिन्यांबद्दल एवढंच.

आता जून २०२१, कारण ते हसणं तिथे जन्मलं असं माझं मत आहे.

३ जूनला दुपारी मंत्री विजय वडेट्टीवार यांनी १८ जिल्ह्यांची नावं घेतली, त्यात जळगाव. सगळं उघडणार! संध्याकाळी सरकारचाच खुलासा, प्रस्ताव विचाराधीन आहे. मग ४ जूनच्या रात्री आदेश निघाला आणि सोमवार ७ जूनपासून पाच स्तर लागू झाले. पॉझिटिव्हिटी, म्हणजे तपासलेल्यांत बाधित किती ते, पाच टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या, तर पहिला, सगळ्यात मोकळा स्तर. जळगाव, धुळे पहिल्यात. मी भाकरी थापणाऱ्या मावशींना परत बोलावलं, एक पोरगा वाढवला, किराणा उधारीवर भरला. तिसऱ्या आठवड्यात लेणीही उघडली. २१ जूनला आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं, राज्यात डेल्टा प्लस या नव्या विषाणू-प्रकाराचे २१ रुग्ण, त्यातले सात जळगाव जिल्ह्यात. त्या संध्याकाळी पुणे-नाशिकचे फोन आले, सगळे रद्द करणारे. २५ तारखेला राज्याचा आदेश: कुठलाही जिल्हा पहिल्या-दुसऱ्या स्तरात नाही, निदान तिसऱ्यात. दुकानं चारपर्यंत, शनिवार-रविवार फक्त पार्सल.

आता गिऱ्हाईक कसं येतं ते बघा. पर्यटक सकाळी लेण्यांत शिरतो, दुपारी एक-दीडला उतरतो, बाहेर दगडवाल्यांशी घासाघीस करतो आणि आमच्याकडे पोचेपर्यंत अडीच-तीन वाजतात. त्यातही गर्दीचे वार शनिवार-रविवारच. मावशींनी आदेश ऐकून विचारलं, "भाऊ, चार म्हणजे बसायचे चार का उठायचे चार?" मला सांगता आलं नाही. पोलीसदादांना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. शेवटी पावणेचारला शटर अर्धं ओढायचं असं आम्ही आपापसांत ठरवलं. पार्सल म्हणाल, तर पर्यटक भरीत-पुरी कुठे बसून खाणार? गाडीत. पाच जण एका बंद गाडीत एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. माझ्या मोकळ्या ओट्यावर मात्र बसायला बंदी.

त्या दिवसांत मला एक गोष्ट कळली. बंद करायला एक रात्र पुरते, उघडायला पंधरा दिवस लागतात. माणूस गोळा करा, माल भरा, ड्रायव्हर लोकांना फोन करा, पर्यटकाने तिकडे रजा टाकायची, रेल्वेचं आरक्षण करायचं. आदेश काढणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटत असणार, पीडीएफ ती पीडीएफ. रात्री साडेदहाला मोबाइल वाजायचा आणि पहिला प्रश्न असायचा, खरी का खोटी? गेल्या महिन्याची पीडीएफ नवी म्हणून फिरायची. रोज सकाळी समोरचा पंक्चरवाला ओरडायचा, "काय भो, आज आपण कितव्यात?" जणू शाळेचा निकाल.

ऑगस्टचा हिशेबही मांडतो, कारण यावर कोणी फारसं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. १५ ऑगस्टपासून हॉटेल रात्री दहापर्यंत, पण कामगारांचे दोन डोस झालेले आणि वर १४ दिवस उलटलेले हवेत. आता माझ्याकडे कामाला असलेली पोरं विशी-पंचविशीची. १८ च्या पुढच्या सगळ्यांना सरकारी केंद्रावर लस खुली झाली जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. कोविशील्डच्या दोन डोसांत अंतर ८४ दिवसांचं, वर १४. झाले ९८ दिवस. म्हणजे पहिल्याच दिवशी रांगेत उभा राहिलेला पोरगाही सप्टेंबरअखेरीच्या आधी नियमात बसत नव्हता. मी वहीच्या मागे बेरीज करून एका अधिकाऱ्यांना दाखवली. त्यांनी बघितली, हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." पुढे काही नाही. ते हसणं आणि तुम्ही ऐकलेलं हसणं एकाच जातीचं.

लोक धुतल्या तांदळासारखे होते असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात मनुदेवीच्या धबधब्याचा रस्ता अडवला की आमची पोरं शेताच्या बांधावरून मागून जायची आणि वर फोटो टाकायची. पण त्याच पोरांनी एप्रिलमध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर वाहिले होते. त्यांना 'बेजबाबदार' हा एकच शिक्का मारायला माझा हात उचलत नाही.

तर तुमचा जानेवारी. ओमायक्रॉनचा आदेश शनिवारी ८ तारखेला निघाला, पर्यटनस्थळं १० तारखेपासून बंद. दुसऱ्या दिवशी त्यातच दुरुस्ती, जिम-सलून निम्म्या क्षमतेने चालू. आणि १० तारीख होती सोमवार. अजिंठा एरवीही सोमवारी बंदच असतो! बंद लेणी बंद करण्यापासून सुरुवात झाली, यावर टपरीवर दोन दिवस हशा चालला होता. बहुधा तोच तुमच्या वाट्याला आला. त्या हसणाऱ्यांतले निम्मे गाडीवाले होते, तुमचं भाडं बुडालं तसं त्यांचंही बुडालं होतं. १ फेब्रुवारीपासून स्थळं उघडली, पण पुढचे तीन आठवडे माझ्याकडे रोज जेमतेम दोन-तीन ताटं गेली. कोणाचा विश्वासच बसत नव्हता.

परत यायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत या, वांगी तेव्हाच चांगली असतात. सोमवार तेवढा टाळा.